वेशीवरचा दाखला



निर्यातनियंत्रणासारखा रुक्ष विषय घेऊन संध्याकाळच्या या प्रसन्न वेळी तुमच्यापुढे उभे राहणे हे धाडसच आहे. आणि ज्या गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला गुंफली जाते त्यांना काव्य, संगीत आणि मैफलीतील वादविवाद यांची विशेष गोडी होती, असे मघाशी प्रास्ताविकात सांगण्यात आल्यापासून तर माझा संकोच अधिकच वाढला आहे. तथापि ज्याने उमेदीची सारी वर्षे सीमाशुल्क खात्याच्या दप्तरात घालविली त्याने रससिद्धान्तावर बोलावे आणि श्रोत्यांनी केवळ सौजन्यापोटी ते ऐकून घ्यावे, त्यापेक्षा त्याने आपल्या धंद्यातलेच चार शब्द बोलावेत हे उभयपक्षी सोयीचे, असा विचार करून मी हा विषय पत्करला.

निर्यातनियंत्रण म्हटले की आपल्या मुलखात प्रथम आठवतो तो कांदा, आणि त्यात नवल नाही. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क बसले. त्याच वर्षीच्या 8 डिसेंबरला निर्यात साफ बंद झाली. बंदीची मुदत 31 मार्चपर्यंत आहे असे हुकुमात लिहिले होते, म्हणून ज्यांनी चाळीत माल राखून ठेवला, त्यांच्या हाती ती मुदत सरण्याआधीच बंदी पुढे चालू ठेवणारा दुसरा हुकूम पडला. आणि अखेर 4 मे 2024 रोजी ती उठली तेव्हाही टनामागे 550 डॉलरांच्या किमान भावाची अट आणि 40 टक्के शुल्क मागे राहिलेच. ग्राहकांचे हित पाहणारे खाते निराळे, पिकाचा अंदाज बांधणारे निराळे, परदेशी व्यापाराचा हुकूम काढणारे निराळे. या तिघांची आपसांत मसलत झाली नसेल असे मी म्हणत नाही, परंतु त्या मसलतीत वैजापूर-लासूरच्या शेतकऱ्याला जागा नव्हती, हे त्याने चाळीतल्या सडक्या कांद्यावरून ओळखले. तेव्हापासून नियंत्रण हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा उच्चारला जातो. मला आज ज्या नियंत्रणाविषयी बोलावयाचे आहे ते निराळ्या जातीचे आहे. परंतु कांद्याने घालविलेली पत त्यालाही भोवते, म्हणून त्याचा उल्लेख आधी केला.

व्यापाराच्या वाटेवर पहारा बसविणे ही काही अलीकडची युक्ती नव्हे. ख्रिस्ती सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस नामक ग्रीक ग्रंथात आपल्या पैठणहून अकीकाचे दगड गाड्यांवर लादून वीस दिवसांच्या वाटेने भडोचला जात असल्याचे नमूद आहे, आणि त्याच ग्रंथात कल्याण बंदराची मोठी मौजेची हकीकत आहे : पूर्वी ते रीतसर खुले बंदर होते, परंतु सत्तापालट झाल्यावर तेथे येऊन लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी पैठणचा माल कोणत्या बंदरातून बाहेर पडावा हे पैठणच्या व्यापाऱ्याच्या हाती नव्हते, आजही पुष्कळसे नाही.

निजामी अमलात जकातखात्याला करोडगिरी म्हणत. आमच्या आजोबांच्या पिढीला हा शब्द भाकरीइतका परिचित होता. ब्रिटिश मुलखातील मनमाडहून निघालेला माल निजामाच्या हद्दीत शिरला की करोडगिरीच्या नाक्यावर त्याची झडती होई, महसूल वसूल होई आणि मगच तो पुढे सुटे. त्या व्यवस्थेत एक खाते होते, एक रजिस्टर होते आणि प्रश्नही एकच होता : या मालाचे सरकारला किती देणे लागते? माल कशासाठी चालला आहे, हा प्रश्न नाकेदाराने विचारण्याचे प्रयोजन नव्हते.

तो प्रश्न आपल्या वेशीवर खऱ्या अर्थाने येऊन उभा राहिला तो 1948 साली. जैसे थे करार झाला होता, निजाम विलीनीकरणास राजी होत नव्हता, आणि भारत सरकारने हैदराबादच्या भोवती आर्थिक कोंडी केली होती. त्या वेळी हैदराबाद सरकारची एक तक्रार अशी होती, की औषधे आणि पिण्याचे पाणी शुद्ध करण्याचे क्लोरीनही हद्दीबाहेर अडवून धरले जाते. क्लोरीनची गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. कारण ज्या वायूने शहराचे पाणी निर्जंतुक होते तोच वायू 1915 साली बेल्जममध्ये ईप्रच्या रणभूमीवर जर्मनांनी खंदकांवर सोडला होता. नळाने तेवढ्या अवधीत काही गुन्हा केलेला नव्हता आणि वायूचे रसायनही बदललेले नव्हते. बदलला होता तो केवळ वापरणाऱ्याचा हेतू. एका बाजूने अशी कोंडी चालू असता दुसरीकडे सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकेस्ट्रियन विमानांतून रात्रीच्या रात्री निजामाकडे शस्त्रे आणून उतरवीत होता. रस्त्यांवर नाकी होती, रेल्वेवर झडती होती आणि माल डोक्यावरून जात होता! पुढे इंग्लंडात त्याच्यावर खटला झाला आणि त्याला दंड झाला तो 200 पौंडांचा. एका संस्थानाच्या रझाकारी आकांक्षांना दारूगोळा पुरविण्याची ती किंमत होती. मराठवाड्यातील ज्या वृद्धांनी ते दिवस पाहिले त्यांना ती रक्कम सांगितली की ते हसत, आणि ते हसणे ऐकवत नसे.

आता त्या कोंडीतून निघून वाळूजला येऊ या.

सेवानिवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कारखानदाराने मला आपल्या शेडमध्ये बोलावून नेले. मनुष्य मेहनती, वडील एका मोठ्या कारखान्यात वेल्डर होते, मुलाने त्याच विद्येवर स्वतःची शेड उभारली आणि औषध कारखान्यांना लागणारी रिॲक्टरे तो बनवू लागला. रिॲक्टर म्हणजे अणुभट्टी नव्हे, हे येथे सांगितलेले बरे. ज्यात रसायने शिजतात, ढवळली जातात, तापविली किंवा थंड केली जातात असे ते एक बंद पातेले. शेडच्या मधोमध दोन हजार लिटरचे एक नवे पात्र आडवे ठेवले होते. त्याच्या तबकडीसारख्या टोकांचे बफिंग इतके उत्तम झाले होते की त्यात छताचे पत्रे आणि माझे टक्कल दोन्ही स्वच्छ दिसत होते, आणि एक पोरगा जॅकेटच्या जोडावर निळसर जळालेला डाग घासून काढीत होता.

मालकाची अडचण अशी होती. आखाती देशातल्या एका व्यापारी पेढीने मागणी नोंदविली तेव्हा पात्र नेहमीच्या तीनशे सोळा नंबरच्या पोलादात हवे होते. आगाऊ रक्कम आली, चित्रे मंजूर झाली, आणि मग पेढीचे पत्र आले की आतले अंग हॅस्टेलॉयचे करा. किंमत किती तरी पटींनी वाढली. तरी तिकडून घासाघीस म्हणून झाली नाही. मालकाला याच गोष्टीचे आश्चर्य वाटले होते, आणि एवढ्या आश्चर्यासाठी मी त्याला मनातल्या मनात शंभरपैकी शंभर गुण दिले. ज्या गिऱ्हाइकाला किंमत विचारावीशी वाटत नाही त्याला दुसरे काही तरी विचारले पाहिजे.

त्याने विचारणा केली नव्हती असे नाही. मालाची कागदपत्रे हाताळणाऱ्या एजंटाला त्याने विचारले. एजंटाने सांगितले की 8419 या शीर्षकाखालची यंत्रे निर्यातीला खुली आहेत, आणि ते खरे होते. बँकेला विचारले, बँकेने सांगितले की पतपत्र निर्दोष आहे, आणि तेही खरे होते. एका ओळखीच्या अधिकाऱ्याला विचारले. तो म्हणाला की या गिऱ्हाइकाचे नाव आमच्या कोणत्याही काळ्या यादीत नाही. हेही खरेच असावे. प्रत्येकाने आपल्या खिडकीतून जेवढे दिसते तेवढे प्रामाणिकपणे सांगितले, आणि तरीही ती सारी खरी उत्तरे एकत्र करून पाहिली असता त्यांतून जो सल्ला निघत होता तो चुकीचा होता.

कारण हे पात्र आपल्या देशाच्या स्कोमेट यादीत बसत होते. विशेष रसायने, सूक्ष्मजीव, पदार्थ, यंत्रसामग्री आणि तंत्रज्ञान यांची ही यादी. तिच्यात शून्यापासून आठपर्यंत वर्ग आहेत, त्यांतला सातवा अद्याप रिकामा ठेवलेला आहे, आणि तिसऱ्या वर्गात रसायननिर्मितीच्या यंत्रांची गणना आहे. शंभर लिटरांहून अधिक आणि वीस हजार लिटरांहून कमी पोटाचे पात्र, ज्याच्या आतल्या अंगाला काचेचे अस्तर आहे, किंवा जे टॅन्टलम, टायटेनियम, झिर्कोनियम अशा धातूंचे आहे, किंवा ज्याच्या मिश्रधातूत निकेल वजनाने 40 टक्क्यांहून अधिक आहे, ते परवान्याविना देशाबाहेर जाता कामा नये. तीनशे सोळा पोलादात निकेल फार तर चौदा टक्के असते. हॅस्टेलॉयमध्ये ते निम्म्याहून अधिक भरते. म्हणून पोलादाचे पात्र मोकळे, आणि त्याच चित्रावरून, त्याच शेडमध्ये, त्याच वेल्डरने जोडलेले हॅस्टेलॉयचे पात्र बंधनातले. बाहेरून दोन्ही सारखी चकाकतात. न्हावा-शेव्याच्या बंदरावर उभा असलेला माझ्यासारखा तपासनीस त्यांच्यातला भेद डोळ्यांनी सांगू शकत नाही. तो सांगतो धातूच्या गिरणीचा कसोटी-दाखला, आणि तो दाखला बंदरावर कोणी मागितला तरच फायलीतून बाहेर येतो. हॅस्टेलॉय का, तर ते तीव्र आम्लांना आणि क्लोरीनयुक्त रसायनांना दाद देत नाही. औषधांच्या कारखान्यात त्याची गरज पडते, हे निर्विवाद. मज्जातंतूंवर घाला घालणारा विषारी वायू ज्याला बनवायचा असेल त्यालाही पडते.

रसायनांची कथा याहून विलक्षण आहे. थायोडायग्लायकॉल नावाचे द्रव्य बॉलपेनच्या शाईत वापरतात, आणि एका साध्या विक्रियेने त्याचा मस्टर्ड वायू होतो. ट्रायइथेनॉलअमीन तुमच्या-आमच्या स्नानगृहातील शाम्पूत असते, आणि 1993 मध्ये ज्यावर सह्या झाल्या त्या रासायनिक अस्त्रविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टातही असते. अशा वस्तूंना दुहेरी उपयोगाच्या वस्तू म्हणतात. एखादी तलवार म्यानातच तयार झाली, तर ती अडवावी की नाही याविषयी शंका उरत नाही. शंका उरते ती पातेल्याविषयी.

आणि म्हणूनच येथे एका खात्याची अक्कल पुरत नाही. विदेश व्यापार महासंचालनालयात या अर्जांसाठी एक आंतरमंत्रालयीन कार्यगट आहे. त्यात परराष्ट्र मंत्रालयाचा मनुष्य बसतो, संरक्षण संशोधन संघटनेचा बसतो, अणुऊर्जा आणि अंतराळ विभागांचे बसतात, रासायनिक अस्त्र कराराची जबाबदारी वाहणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाचा बसतो. अणुसामग्रीचा शून्य वर्ग मात्र अणुऊर्जा विभागाने स्वतःच्या हाती ठेवला आहे, आणि युद्धसामग्रीच्या सहाव्या वर्गाचे परवाने संरक्षण उत्पादन विभाग देतो. शास्त्रज्ञाला धातू कळतो पण गिऱ्हाईक कळत नाही. परराष्ट्र खात्याला गिऱ्हाइकाचा देश कळतो पण पात्राच्या पोटात काय शिजेल हे कळत नाही. व्यापार खात्याला दोन्ही थोडेथोडे कळते आणि निर्यातीचे आकडे वाढले पाहिजेत ही घाई मात्र पुरेपूर असते. सीमाशुल्क खात्याला माल दिसतो, पण तो दिसतो तेव्हा जहाजाचा भोंगा वाजत असतो. या मंडळींत मतभेद होतात, आणि ते व्हावेत यासाठीच त्यांना एका टेबलाशी बसविले आहे. सहकार्य याचा अर्थ सर्वांनी मान डोलविणे असा आमच्या सरकारी शिरस्त्यात रूढ झाला आहे. माझ्या मते तो सर्वस्वी चुकीचा आहे. प्रत्येकाने आपली शंका स्वतःच्या सहीने फायलीवर लिहावी, आणि अर्जदाराला मात्र उत्तर एकच, एका तोंडून, वेळेवर मिळावे, एवढेच मी सहकार्य समजतो. फायलीवर शंका नाही आणि अर्जदाराला पाच उत्तरे, हा जो उलटा प्रकार पुष्कळदा घडतो त्याला समन्वय असे भारदस्त नाव देऊन भागत नाही.

ही व्यवस्था आपण एका दिवसात उभारली नाही, आणि हौसेने तर मुळीच उभारली नाही. 1974 च्या पोखरण स्फोटानंतर प्रगत राष्ट्रांनी जो अणुपुरवठादारांचा गट स्थापन केला तो आपल्याविरुद्धच होता. 1991 च्या करारान्वये रशियाकडून मिळावयाचे क्रायोजेनिक तंत्रज्ञान 1993 मध्ये अमेरिकेच्या दडपणाखाली नाकारले गेले. महासंगणक मिळेना म्हणून पुण्यात सी-डॅकने परम बांधला. दाराबाहेर उभे राहून दार ठोठावण्याचा अनुभव आपल्या शास्त्रज्ञांच्या एका पिढीने घेतला, आणि त्या पिढीत नियंत्रण या शब्दाविषयी जो कडवटपणा राहिला तो मला अनाठायी वाटत नाही. 2016 साली क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेत, 2017 साली वासेनार व्यवस्थेत आणि 2018 च्या जानेवारीत रसायने व जैविक सामग्री पाहणाऱ्या ऑस्ट्रेलिया गटात आपल्याला आत घेतले गेले. अणुपुरवठादारांच्या गटात अजून नाही. दाराबाहेरचा मनुष्य आत आला की त्याच्याही हाती किल्ली येते, आणि मग किल्लीचे ओझे किती असते ते त्याला कळते.

वाळूजच्या कारखानदाराने मला विचारले, की एवढ्या दूरच्या गोष्टींचा माझ्या शेडशी काय संबंध? मी त्याला बीबीसी चायना या जहाजाची हकीकत सांगितली. ऑक्टोबर 2003 मध्ये दुबईहून लिबियाकडे निघालेले हे जर्मन मालकीचे जहाज इटलीतील तारांतो बंदरात वळवून नेण्यात आले, आणि त्यातील पाच कंटेनरांतून युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांचे भाग निघाले. ते भाग पाकिस्तानच्या अब्दुल कादिर खानाच्या जाळ्याने मागविले होते, पण घडविले होते मलेशियातल्या एका साध्या कारखान्यात. आणि आपण तेल व वायूच्या उद्योगासाठी सुटे भाग बनवीत आहोत, असे तेथील लोकांचे म्हणणे होते. तो कारखाना वाळूजमध्येही असू शकला असता. त्याच प्रकरणाचा धसका घेऊन 28 एप्रिल 2004 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 1540 क्रमांकाचा ठराव केला, आपल्या संसदेने 2005 मध्ये महासंहारक अस्त्रांविषयीचा कायदा केला आणि 2010 मध्ये विदेश व्यापाराच्या 1992 च्या कायद्यात नवे प्रकरण घातले. या कायद्यांचा एक दात फार तीक्ष्ण आहे : वस्तू यादीत नसली, तरी ती अशा अस्त्राकडे जाणार हे निर्यातदाराला ठाऊक असेल, किंवा ठाऊक असण्याजोगी परिस्थिती असेल, तर ती पाठविणे हा गुन्हाच होय. म्हणजे पहिला पहारेकरी बंदरावर नाही, दिल्लीतही नाही. तो शेडमध्ये वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारून उभा आहे.

मादक द्रव्यांची बाजू याहून वेगळी, पण नाते जवळचे. ज्या औषधी कच्च्या मालापासून अमली पदार्थ होऊ शकतात त्यांच्या निर्यातीला ग्वाल्हेरच्या अमली पदार्थ आयुक्तांचे ना-हरकत पत्र लागते. आणि ऑक्टोबर 2023 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने अहमदाबादच्या पोलिसांना बरोबर घेऊन आपल्या पैठणच्या औद्योगिक वसाहतीत छापा घातला तेव्हा मेफेड्रोन आणि केटामीन यांचा साठा हाती लागला, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. पैठणच्या भट्टीचा सुगावा अहमदाबादला लागावा! छाप्याचे श्रेय ज्यांचे त्यांना आहेच. परंतु ज्या जिल्ह्यात हजारो रसायनपात्रे तापत असतात त्या जिल्ह्यातली कारखाना निरीक्षक, अन्न व औषध प्रशासन, पोलीस आणि वस्तू व सेवा कर ही दप्तरे एकमेकांना काय सांगतात, हा प्रश्न छाप्याने सुटत नाही.

माझी सूचना अगदी लहान आहे, आणि ती दिल्लीच्या कार्यगटाविषयी नसून या शहराविषयी आहे. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा आणि आता बिडकीन असा आपला पसारा वाढत चालला आहे. समृद्धी महामार्गाने बंदर एका रात्रीच्या अंतरावर आले आहे. महिन्यातून एक दिवस ठरवून महासंचालनालयाचा अधिकारी, सीमाशुल्काचा अधिकारी आणि धातू व रसायने जाणणारा एक मनुष्य, असे तिघे येथल्या उद्योजकांच्या संघटनेच्या एका खोलीत एका टेबलाशी बसावेत, आणि कारखानदाराने आपले चित्र, गिरणीचा दाखला आणि गिऱ्हाइकाचे पत्र त्यांच्यापुढे ठेवून भीती न बाळगता विचारावे. विचारणाऱ्याला संशयित समजण्याचा जो आमच्या खात्यांचा जुना स्वभाव आहे तो त्या दिवसापुरता तरी दाराबाहेर ठेवावा. उद्योजकांच्या संघटनांना माझी विनंती आहे की अनुदाने आणि वीजदर यांच्यासाठी तुम्ही जेवढी निवेदने देता त्यांतले एक निवेदन या टेबलासाठी द्या.

त्या पात्राचे पुढे काय झाले, असे व्याख्यानापूर्वी एका मित्राने मला विचारले. कारखानदाराने परवान्यासाठी रीतसर अर्ज केला. पात्र कोणत्या कारखान्यात बसणार, कोणते औषध बनविणार, आणि ते दुसऱ्या कोणाला दिले जाणार नाही, असा अंतिम वापरकर्त्याच्या सहीचा दाखला त्याने त्या पेढीकडे मागितला. पेढीने एकदा कळविले की लवकरच पाठवितो. दुसऱ्या पत्राला उत्तर आले नाही, तिसऱ्या वेळी दूरध्वनी लागला नाही. आगाऊ रकमेसाठी कोणी तगादाही लावला नाही. दीड वर्ष ते पात्र ताडपत्रीखाली शेडच्या मागल्या भिंतीशी पडून होते. मग देशातल्याच एका औषध कारखान्याने ते पडत्या भावात उचलले. तोटा कारखानदाराने सोसला.